पहिले एकवीस दिवस

रिपोर्ट हातात पडला की माणसं काउंटरवर थांबत नाहीत. वाचत वाचत जिना उतरतात आणि रिक्षाच्या रांगेत उभं राहून घरी फोन लावतात. ती मात्र हलली नाही. नालासोपारा पूर्वेच्या आमच्या लॅबमध्ये संध्याकाळची गर्दी होती, बाहेर पावसाची रिपरिप चालू होती, आणि पंचविशीतली ती बाई कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवून उभी होती. सायटोमेगॅलोव्हायरस, आयजीजी, आणि पुढे ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’.

“ताई, हे अंगातनं कशानं जातं?” तिनं विचारलं.

“डॉक्टरांना दाखवा,” मी म्हटलं. टेक्निशियननं रिपोर्टचा अर्थ सांगायचा नसतो हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं, आणि तो नियम योग्यच आहे. तिचा गर्भ दोनदा तिसऱ्या महिन्यात पडला होता, म्हणून ही तपासणी लिहून दिलेली होती. मागच्या बाकावर तिच्या सासूबाई बसल्या होत्या. त्या उठून आल्या, कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, “आमच्या घरात असलं कधी कुणाला नव्हतं.”

सुनेनं मान खाली घातली. फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि दोघी पावसात निघून गेल्या. पुन्हा कधी आमच्याकडे आल्या नाहीत.

सासूबाईंच्या त्या वाक्याला उत्तर होतं. मला ते तेव्हा सुचलं नाही. खरं तर ते माझ्याच हाताखालच्या रजिस्टरमध्ये, माझ्याच अक्षरात, पानोपानी लिहिलेलं होतं.

मी मूळची राजापूरकडची. डीएमएलटी झाले, लग्न होऊन विरारला आले आणि तेव्हापासून या भागातल्या लॅबमध्येच काम करते. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदांची मिळून २००९ साली महानगरपालिका झाली, त्याच्या आधीपासून मी इथली रक्तं काढते आहे. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती. आज ती किती वाढली आहे हे विरार लोकलच्या दारात उभं राहिलं की समजतं. माझ्यासमोरच्या खुर्चीत वालीवच्या कारखान्यांत पॅकिंग करणाऱ्या मुली बसल्या आहेत, अर्नाळ्याच्या कोळणी बसल्या आहेत, आणि गास-भुईगावच्या वाडीतून फुलं तोडून तशाच आलेल्या सामवेदी बायकाही बसल्या आहेत. संतोष भुवनच्या चाळींतल्या उत्तर प्रदेशच्या सुना येतात. आमच्या कोकणातून पोट भरायला आलेल्या कुटुंबांच्या लेकी येतात. दंडाला पट्टा बांधला, मूठ वळायला सांगितली आणि शीर चाचपली की मग कोण कुठली हे उरत नाही.

गर्भपात झालेल्या किंवा नुकतेच दिवस राहिलेल्या बायकांच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा एक शब्द असतो, टॉर्च. बायकाही तसंच म्हणतात, “टॉर्च काढायचाय.” टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पीस आणि ‘इतर’ अशा संसर्गांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा तो शब्द आहे. पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त घ्यायचं, ते गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, आणि वर सुटलेलं पिवळसर सीरम चाचणीला लावायचं. आयजीएम म्हणजे अलीकडच्या लागणीची खूण, तीही फसवी असू शकते. आयजीजी म्हणजे कधीतरी, कदाचित पंचवीस वर्षांपूर्वी, होऊन गेलेल्या लागणीची आठवण.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे एलायझाची प्लेट आठवड्यातून दोनदा लागायची. निकाल रजिस्टरमध्ये हाताने उतरवायचे. रुबेलाच्या रकान्यात पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दोन्ही यायचे. टोक्सोच्या रकान्यात निगेटिव्ह जास्त. सायटोमेगॅलोच्या आयजीजीचा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत सारखाच असायचा, पॉझिटिव्ह, पॉझिटिव्ह, पॉझिटिव्ह. एखादा निगेटिव्ह आला की आम्ही ती चाचणी पुन्हा लावायचो. किट खराब झालं का, सीरम कमी पडलं का, नळीवरचं नाव चुकलं का, हे सगळं तपासायचो. आजार शोधणारी चाचणी असेल तर पॉझिटिव्हवर शंका घेतली जाते. आम्ही निगेटिव्हवर घ्यायचो. ही चाचणी नक्की काय सांगते आहे याचा विचार तेव्हाच करायला हवा होता. हात चालू होते, डोकं मात्र तिकडे नव्हतं.

सासूबाईंचं वाक्य ऐकल्यानंतरच्या आठवड्यात एकदा प्लेटमध्ये चार खड्डे रिकामे राहणार होते. किटची मुदत संपत आली होती, म्हणजे ते वायाच जाणार होते. मी आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना विचारलं आणि माझंच रक्त काढून घेतलं. ते पाहून माझ्या जोडीदारीण टेक्निशियननं हात पुढे केला. रिसेप्शनवरची बावीस वर्षांची मुलगी म्हणाली, “माझंही घ्या.” तिचं लग्नही झालेलं नव्हतं. चौथा नंबर झाडलोट करणाऱ्या मावशींचा लागला. त्या अर्नाळ्याच्या, पाच लेकरांची आई, सगळी मुलं धडधाकट, दोघं तर मासेमारीच्या बोटीवर जाणारी. “मलाही बघू दे काय निघतं ते,” म्हणून त्यांनी स्वतःच बाही वर केली.

तास-दीड तासानं प्लेट वाचली. चारही खड्डे पिवळे झाले होते, म्हणजे चौघीही पॉझिटिव्ह, आणि मावशींचा सर्वांत गडद.

मावशी घाबरल्या. “म्हणजे मला काय झालंय?” त्यांना काहीही झालेलं नव्हतं. हे त्यांना समजावून सांगताना पहिल्यांदा मीही ते नीट समजून घेतलं. मॅडमनी पुस्तक उघडून दाखवलं. नागीण आणि कांजिण्या ज्याच्यामुळे होतात, त्या विषाणूच्या कुळातला हा विषाणू. एकदा शरीरात आला की जन्मभर राहतो, आणि बहुतेक वेळ निपचित पडून असतो. त्याची लागण झालेली पेशी फुगते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचं केंद्र घुबडाच्या डोळ्यासारखं दिसतं. ते चित्र मी कॉलेजात परीक्षेसाठी काढलं होतं. १९५६ च्या सुमारास तीन वेगवेगळ्या संशोधकांनी हा विषाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, आणि त्यांच्यातल्या थॉमस वेलर यांनी १९६० साली त्याला हे लांबलचक नाव दिलं. नाव नवं होतं, विषाणू माणसाइतकाच जुना.

तो येतो कुठून? लाळेतून, लघवीतून, रक्तातून, शरीरसंबंधातून, आणि आईच्या दुधातून. मला थांबवलं ते या शेवटच्या वाटेनं. अंगावर पिणाऱ्या मुदतीच्या, धडधाकट बाळाला तो आईकडून मिळाला तरी सहसा काही होत नाही. फार आधी जन्मलेल्या, फार कमी वजनाच्या बाळांची गोष्ट वेगळी, त्यांची काळजी डॉक्टर घेतात. बाकी लेकरं हा विषाणू दुधाबरोबर पचवून मोठी होतात. मग ती लेकरं महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, लाळेतून आणि लघवीतून तो बाहेर टाकत राहतात. खेळणं एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जातं. आपल्याकडे बाळाला पहिला भात भरवतात त्या समारंभाचं नावच उष्टावण. पुढे वरणभाताचा शेवटचा घास बाळानं थुंकला की तो आईच्या तोंडात जातो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, एका तांब्यातून पाणी पितात. या विषाणूला वेगळं दार उघडावं लागत नाही.

माझ्या आईकडून तो मला मिळाला असणार आणि आजीकडून आईला. त्या सुनेला तिच्या माहेरी, दुधाच्या दातांआधीच मिळाला असणार. “आमच्या घरात असलं कधी कुणाला नव्हतं” म्हणणाऱ्या सासूबाईंचं रक्त तपासलं असतं तर तोच शब्द उमटला असता. हे उत्तर मी त्या दिवशी द्यायला हवं होतं, ते दिलं नाही याची बोच अजून आहे. एका बाईनं दोन गर्भ गमावले होते, आणि आमच्या कागदानं तिच्यावर तिसरं ओझं टाकलं होतं.

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले, कळेना ते मॅडमना विचारू लागले. २००८ साली उत्तर भारतातल्या एका निमशहरी भागाचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात शंभरातल्या नव्व्याण्णव आयांच्या रक्तात या विषाणूच्या प्रतिपिंडांची, म्हणजे याच आयजीजीची, नोंद होती. आमच्या रजिस्टरचा रकाना खोटं बोलत नव्हता. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीच्या तपासणीत टॉर्चचा उपयोग नाही, असं ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे. टॉर्च हे नाव १९७१ साली आंद्रे नाहमियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलं, तेही नवजात बाळाला जडणाऱ्या संसर्गांकडे डॉक्टरांचं लक्ष जावं म्हणून. बाळासाठी जन्मलेला शब्द आमच्याकडे येईपर्यंत आईच्या माथी चिकटला.

तो कसा चिकटतो ते मी वर्षानुवर्षं काउंटरवरून पाहते आहे. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असं समजून बायका दर महिन्याला तीच तपासणी करायला येतात. दीड-दोन हजार रुपये मोजतात, आणि आकडा दहानं उतरला की मंगळसूत्राला हात लावून देवाचं नाव घेतात. कुणी शेजारणीनं सांगितलं म्हणून घरची मांजर सोडून आलेली असते. मांजरीचा संबंध टोक्सोशी आहे, सायटोमेगॅलोशी नाही. एकीच्या नवऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “मॅडम, हे लग्नाआधीचं असू शकतं का?” त्याच्या आवाजातला संशय ऐकून माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी त्याला आमच्या रिसेप्शनवरची ती लग्न न झालेली मुलगी दाखवली नाही, पण म्हटलं, “दादा, हे तुमच्याही अंगात असणार, आणि माझ्याही आहे. लहानपणी आईच्या दुधातून येतं.” तेव्हाही तो नियम मोडला असं मला वाटलं नाही. हा रिपोर्टचा अर्थ नव्हता, त्याच्या संसाराचा प्रश्न होता.

कोविडच्या काळात हीच माणसं अँटिबॉडीची तपासणी करायला आमच्या दारात रांग लावायची. आयजीजी पॉझिटिव्ह आला की पेढे वाटल्यासारखी खूश व्हायची, शरीरानं विषाणूशी लढून शिपाई तयार ठेवले म्हणून. तीच आयजीजी, तोच शब्द. सायटोमेगॅलोच्या पुढे आला की घरात सुतक पडल्यासारखं होतं. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारी कुणी बसून सांगितला की नाही, यावर सगळं अवलंबून असतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, म्हणजे या विषाणूचं काहीच भय नाही. मलाही काही वर्षं तसंच वाटत होतं. बायकांना धीर देता येतो, याचंच समाधान होतं. मग ते मूल आलं.

दीड वर्षाचा मुलगा होता, आईच्या मांडीवर. आईचं हिमोग्लोबिन तपासायचं होतं. रक्त काढायची खुर्ची सेंट्रिफ्यूजच्या अगदी शेजारी आहे, आणि ते यंत्र थांबलं की कर्कश टीं-टीं वाजतं. इतक्या वर्षांत त्या आवाजाकडे न वळलेलं मूल मी पाहिलेलं नव्हतं. काही दचकतात, काही रडतात, काही बोट दाखवतात. मी आईच्या दंडाचा पट्टा सोडत होते तेव्हा यंत्र वाजलं. हा माझ्या हातातल्या कापसाकडे पाहत होता, तसाच पाहत राहिला. मी मुद्दाम झाकण उघडलं नाही, वाजू दिलं. तो हसला, माझ्याकडे पाहून, कारण मी त्याच्याकडे पाहत होते. आवाजाकडे त्यानं मान वळवली नाही.

“बोलतो का?” मी विचारलं.

“उशिरा बोलेल म्हणतात घरचे. ह्याचे वडीलही उशिराच बोलले.”

संगणकात तिचं जुनं खातं उघडलं. दोन वर्षांपूर्वी, तो पोटात असताना, तिनं आमच्याकडेच टॉर्च केला होता. आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. त्या कागदावर किती भीती खर्च झाली, ते तिनं मला बसून सांगितलं. गोळ्या, उपासतापास, जीवदानीला नवस. बाळ वेळेवर जन्मलं, वजन चांगलं, रंग चांगला. मग सगळ्यांनी निःश्वास टाकला आणि फाइल माळ्यावर टाकली. जन्मल्यापासून त्या बाळाचे कान कुणीही तपासले नव्हते.

मी तिला चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला, वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था. कानाच्या, बोलण्याच्या तपासण्या तिथं होतात. लोकलनं वांद्र्याला उतरून जाता येतं. तिथं बेरा तपासणी झाली. डोक्याला तारा लावून झोपलेल्या बाळाचा मेंदू आवाजाला प्रतिसाद देतो का, हे त्यात पाहतात. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं.

हे सायटोमेगॅलोमुळे झालं का? मला माहीत नाही, आणि आता कुणालाच खात्रीनं सांगता येणार नाही. बहिरेपणाची कारणं अनेक असतात, आनुवंशिकताही त्यांतलं एक मोठं कारण. जनुकांचं कारण सोडलं, तर जगभर जन्मजात बहिरेपणाच्या कारणांत या विषाणूचा क्रम पहिला लागतो. मात्र ते सिद्ध करायचं तर बाळाच्या लघवीची किंवा लाळेची पीसीआर तपासणी जन्मानंतर एकवीस दिवसांच्या आत व्हावी लागते. त्यानंतर बाळाच्या लघवीत विषाणू सापडला तरी तो पोटातच मिळाला, की नंतर आईच्या दुधातून आला, हे वेगळं काढता येत नाही. आईच्या रक्तावर पैसा आणि नऊ महिने झोप घालवली गेली. ज्या तीन आठवड्यांत उत्तर मिळालं असतं, त्यांत कुणी विचारलंच नाही.

हा प्रश्न समजून घ्यायला मला वेळ लागला, म्हणून तो सोपा करून मांडते. गरोदरपणात बाईला हा विषाणू आयुष्यात पहिल्यांदाच झाला तर तो बाळापर्यंत पोचण्याची शक्यता शंभरात तीस-चाळीस असते. आपल्याकडे बहुतेक बायकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो. त्यांच्यात आतला विषाणू पुन्हा जागा झाला, किंवा त्याच्याच दुसऱ्या वाणाची नव्यानं लागण झाली, तरी बाळापर्यंत पोचण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास राहते. म्हणून एकेका बाईनं घाबरायचं कारण नाही. पण बायका जवळजवळ सगळ्याच या गटात आहेत, त्यामुळे थोडा थोडा धोका मिळून मोठा होतो. २००८ च्या त्याच अभ्यासात चारशेहून अधिक नवजात बाळं तपासली होती, त्यांतल्या शंभरास दोन बाळांना हा संसर्ग जन्मतःच होता. अमेरिकेत हे प्रमाण दोनशेत एक धरतात. अशी लागण झालेल्या दहा बाळांतलं साधारण एकच जन्मतः आजारी दिसतं. डोकं लहान, कावीळ, अंगावर बारीक लाल ठिपके, प्लेटलेट कमी. उरलेली नऊ अगदी गोजिरवाणी दिसतात, आणि त्यांतल्याच काहींचे कान नंतर, हळूहळू, दोन-तीन वर्षांतही जातात.

हे कळलं, आणि माझी दोन वाक्यं तयार झाली. पहिलं आईसाठी, हा तुझा दोष नाही. दुसरं तिच्या घरासाठी, बाळाचे कान बघा. आधी मी फक्त पहिलंच म्हणत होते.

मॅडमशी बोलून आम्ही रिपोर्टच्या खाली साध्या मराठीत चार ओळी छापायला सुरुवात केली. ‘आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे पूर्वी होऊन गेलेला संसर्ग. आपल्याकडे बहुतेक प्रौढांत तो आढळतो. केवळ या निकालावर औषध घेऊ नये. बाळाच्या जन्मानंतर श्रवण तपासणी करून घ्यावी.’ त्यावर मॅडमची सही असते. ओळी छापल्यापासून काउंटरवरचे प्रश्न बदलले. “कशानं जातं?” याच्याऐवजी आता कुणी कुणी विचारतं, “कान कुठे तपासतात?”

बाळाच्या कानात छोटीशी नळी घालून ओएई नावाची तपासणी करतात. बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते, सुई नाही, दुखणं नाही. ती महिन्याच्या आत व्हावी, शंका असेल तर तीन महिन्यांच्या आत निदान व्हावं, आणि सहा महिन्यांच्या आत मशीन किंवा उपचार सुरू व्हावेत, असा जगभर मानला जाणारा हिशोब आहे. पहिली तपासणी चांगली आली तरी या विषाणूच्या बाबतीत पुढची काही वर्षं कानांवर लक्ष ठेवावं लागतं. आणि बाळ जन्मतः आजारी दिसलं, किंवा कानाच्या पहिल्या तपासणीत नापास झालं, तर डॉक्टरांना एकवीस दिवसांच्या आतल्या लघवीच्या पीसीआरबद्दल विचारावं. कारण औषध आहे. लक्षणं असलेल्या बाळांना व्हॅलगॅनसायक्लोव्हिर पहिल्या महिन्यात सुरू करून सहा महिने दिलं, तर ऐकण्याला आणि वाढीला काही प्रमाणात फायदा होतो, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं. त्या औषधानं पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून पुनःपुन्हा रक्त तपासावं लागतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं औषध आहे. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतानं २०१९ पासून आणि अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यानं २०२३ पासून नवजात बाळांमध्ये हा विषाणू शोधायला सुरुवात केली आहे. लस अजून बाजारात नाही.

बायका विचारतात, मग आम्ही काय जपायचं? घरात लहान मूल असताना पुन्हा दिवस राहिले असतील, किंवा अंगणवाडीत, पाळणाघरात काम असेल, तर लेकराची लंगोटी बदलल्यावर, शेंबूड-लाळ पुसल्यावर साबणानं हात धुवा. साबणानं हा विषाणू मरतो. लेकराचं उष्टं त्या काही महिन्यांपुरतं खाऊ नका, त्याचा चमचा-पेला वेगळा ठेवा, पापा तोंडाऐवजी कपाळावर घ्या. अंगावर पाजणं मात्र या भीतीनं कुणीही थांबवू नये. हे सांगताना माझ्यासमोर नालासोपाऱ्याच्या चाळीतली ती बाई असते, जिच्याकडे टँकरचं पाणी दोन दिवसांनी येतं आणि जी हंड्यातल्या शेवटच्या पाण्यात भांडी विसळते. हात धुवा म्हणणं तिच्यासाठी फुकटचा सल्ला नाही. पाणी हेसुद्धा आरोग्याचंच खातं आहे, हे महापालिकेला सांगायची जबाबदारी आपलीच.

राहून राहून मला एक गोष्ट आठवते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातला प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमध्ये झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधले तीस आजार आणि व्यंगं लवकर शोधायची, असा तो कार्यक्रम, आणि त्या तीसांत जन्मजात बहिरेपण आहे. अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी वर्षातून दोनदा करायला पथकं येतात. म्हणजे आईनं विचारावं यासाठी सरकारी दार आहे, तेही देशात पहिल्यांदा याच मातीत उघडलेलं.

तो मुलगा आता शाळेत जातो. कानामागे मशीन लावतो. थेरपी उशिरा सुरू झाली, त्यामुळे काही अक्षरं अजून अडखळतात. मागच्या दिवाळीत आईबरोबर आला होता. सेंट्रिफ्यूज वाजलं तेव्हा तो वळला, यंत्राकडे बोट दाखवून आईकडे पाहिलं. मी क्षणभर कामच विसरले. त्याची आई म्हणाली, “ताई, दीड वर्ष गेलं हो माझं.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

ते दीड वर्ष दुसऱ्या कुणाचं जाऊ नये म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरात सून, लेक, भावजय गरोदर असेल आणि तिच्या रिपोर्टवर सायटोमेगॅलोपुढे आयजीजी पॉझिटिव्ह लिहिलेलं असेल, तर तिला काही बोलू नका. तुमचाही रिपोर्ट बहुधा तसाच येईल. बाळ जन्मल्यावर मात्र बारशाच्या तयारीआधी डॉक्टरांना एवढं विचारा, “बाळाचे कान कधी तपासायचे?” आणि त्यात काही शंका निघाली, तर एकविसावा दिवस उलटू देऊ नका.